खटारा

काकांचा जुना मिलिटरी ट्रक म्हणजे काकूंची सवतच. रोज सकाळी काका त्याच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसत आणि काकू कपाळाला हात लावत. फौजेतला मुलगा रजेवर आला की हसायचा, "बाबा, आम्हाला आता कोरे करकरीत ट्रक दिलेत. माझा तर पहिल्या चावीला सुरू होतो." आता तो तोच नवा ट्रक घेऊन सीमेवर गेला होता, आणि लढाईत आपलीच सरशी होतेय असं टीव्हीवर रोज सांगत होते.

परवा काकांच्या ट्रकचा वॉटर पंप गेला, म्हणून ते नेहमीच्या भंगारवाल्याकडे गेले. एरवी तिथे असले ट्रक रांगेने गंजत पडलेले असायचे. या वेळी मैदान मोकळं होतं.

"मिलिटरीवाले सगळे उचलून घेऊन गेले, काका," भंगारवाला म्हणाला. "टायर नसलेलेसुद्धा. तुमच्याकडेही येतील बघा."

काकांना हसूच आलं. "अरे, नवे सोडून हे खटारे कशाला हवेत त्यांना?"

भंगारवाल्याने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.



"नवे संपले म्हणे."