आई पुढं, लेक मागं

"आलीस ना दारापर्यंत? आता एक पाय बाहेर टाक," आई म्हणाली.

लेक चौकट धरून उभी होती. "आधी तू टाक."

आईनं समुपदेशक बाईंकडे पाहिलं. त्या हॉलमधल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी नुसती मान डोलावली. नियम त्यांचाच होता. आई पुढं, लेक मागं.

आईनं पायात चपला सरकवल्या, मोठा श्वास घेतला आणि पाय बाहेर टाकला. मागून लेकीनंही टाकला.

लेकीला दुसऱ्या गावी चांगली नोकरी चालून आली होती. महिनाअखेरीला रुजू व्हायचं होतं, आणि नेमके तेव्हाच या पोरीनं हात टेकले. घराबाहेर पडायचं म्हटलं की पाय थरथरतात म्हणाली, छातीत धडधडतं, जीव जातोय की काय असं वाटतं. झालं, हातातोंडाशी आलेला घास जायची वेळ आली. बाबा गेल्यापासून बाहेरची कामं हीच बघायची. आता तीच दार लावून बसली म्हटल्यावर किराणा दुकानदार वर पाठवायचा, औषधं शेजारच्या काकू आणायच्या. पण नोकरी काही कुणी तिसऱ्या मजल्यावर आणून देत नाही.

एरवी असल्या डॉक्टरांचं नाव काढलेलं आईला खपत नसे. "आपल्याला काय वेड लागलंय?" असं म्हणून ती विषयच उडवून लावायची. पण लेकरावर आलं की आईचं सगळंच बदलतं. समुपदेशक बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तिनं त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं.

"मला एक सांगा, बाहेर काय वाघ बसलाय?"

"वाघ नसतो. पण शरीर वाघ बघितल्यासारखं वागतं," बाई म्हणाल्या. "माणूस घरात पळून येतो. लगेच बरं वाटतं. आणि तिथंच फसतो, कारण पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते."

"मग करायचं काय?"

"पळायचं नाही. थांबायचं. भीती वाढते, वाढते, आणि मग आपोआप उतरते. रोज थोडं लांब जायचं आणि ती उतरेपर्यंत तिथंच राहायचं."

"ताप उतरतो तशी?" आईला हे भलतंच नवल वाटलं. तिनं ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. दुपारी काकूंनाही समजावून सांगितलं, जणू शोध तिनंच लावला होता.

पुढचा टप्पा जिन्याचा. मधल्या वळणावर तिघी थांबल्या.

"दहापैकी किती भीती वाटतेय?" बाईंनी विचारलं.

"सात," लेक म्हणाली.

"आणि आई, तुमची?"

"माझी कशाला?"

"सोबत येणाऱ्यालाही विचारते मी."

"असेल आठ. पोर अशी समोर उभी, मी काय गाणी म्हणू?"

बाई हसल्या. बराच वेळ कुणी हललं नाही. मग त्यांनी पुन्हा विचारलं. लेकीनं आईकडे बघितलं आणि म्हणाली, "पाच."

"माझीही उतरली की हो," आई म्हणाली.

फाटकापाशी मात्र पंचाईत झाली. एक गाडी कर्कश भोंगा वाजवत अगदी जवळून गेली. आई गर्रकन वळली. "चल वर. तुला सोसवत नाहीये."

"आई, थांब ना. पळायचं नाही, तूच सांगतेस सगळ्यांना."

"अगं, हात बघ कसा घामानं भिजलाय."

दोघींचे हात एकमेकींत गुंतले होते. लेकीनं सोडला नाही. दोघी फाटकाला टेकून उभ्या राहिल्या, बाई शेजारी. हळूहळू आईचा श्वास ताळ्यावर आला आणि तिला पोरीचं कौतुक वाटलं.

त्यानंतर आईच हात धुऊन मागे लागली. "ऊठ ठमाबाई, आज औषधाच्या दुकानापर्यंत." लेक कुरकुरली की ही आणखी चेव येऊन पुढं चालायची. दुकानदार म्हणाला, "या, या. फार दिवसांनी?"

"हिची तब्येत बरी नव्हती," आईनं सांगितलं.

शेवटचा टप्पा बसथांब्याचा. आईला त्याचं नाव नको वाटे. दोन वर्षांपूर्वी त्याच थांब्यावर, तिच्या डोळ्यांदेखत बाबा कोसळले होते. पण रुजू व्हायचा दिवस तोंडावर आला होता. बाईंनी आज येणार नाही म्हणून कळवलं होतं. लेकीनं एकटीनं बसमध्ये बसायचं आणि पुढच्या थांब्यावर उतरायचं, एवढंच ठरलं होतं.

"जा तू. येईपर्यंत मी इथंच उभी आहे," आई म्हणाली.

"नाही, तू घरी जायचंस. तू दिसलीस तर मी उतरून पळत येईन."

आई घराच्या वाटेकडे बघू लागली. एकटीनं परत जायचं? पण पोरीसाठी तेही करायला हवं होतं. "किती वाटतेय?" तिनं विचारलं.

"दोन. तुझी?"

आईनं जरा विचार केला. "चार. पण उतरेल ती."

बस आली. लेक चढली. मागच्या बाकावर समुपदेशक बाई बसल्या होत्या. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघी मागच्या काचेतून बघू लागल्या. बस थोडी पुढं जाऊन सिग्नलला अडकली.

आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वळली आणि चालायला लागली. वाटेत फळांच्या गाडीपाशी थांबली आणि फळं निवडू लागली. घासाघीस करत असावी, कारण हातवारे दिसत होते.

लेकीला रडू आवरेना.

"कधीतरी त्यांना खरं सांगावं लागेल," बाई म्हणाल्या.

"काय सांगू? दोन वर्षं उंबरठा तू ओलांडत नव्हतीस, म्हणून आजारी मी पडले?"