उजवा कौल

शहापूरच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात तीन कॉम्प्युटर होते. एका टोकाला प्रज्वल, दुसऱ्या टोकाला रेश्मा, आणि मधली खुर्ची रिकामी. प्रज्वलला सध्या एकच नाद होता. आपल्या कॉम्प्युटरवर कमांड टाइप करायची आणि मधल्या कीबोर्डवरचे दिवे हात न लावता पेटवायचे. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा रेश्मा पोट धरून हसली होती, आणि मग तिनंही ती कमांड शिकून घेतली होती.

त्याची आई सकुबाई देवाला कौल लावल्याशिवाय म्हैससुद्धा घेत नसे. ती दुकानात आली तशी त्यानं तिला मधल्या खुर्चीत बसवलं.

"आये, या कीबोर्डलापन कौल लागतो. डावा दिवा म्हंजे नाय, उजवा म्हंजे होय."

सकुबाईनं लगेच कीबोर्डला हात जोडले. "देवा, याला मुरबाडची पोरगी करू का?"

प्रज्वलनं मान खाली घालून कमांड मारली. डावा दिवा लागला.

"नाय म्हनतो गो," सकुबाई रेश्माकडे वळून म्हणाली, आणि तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पुन्हा हात जोडले. "बरं देवा, मंग ही करू का?"

प्रज्वलला वर्षभर रेश्माला जे विचारता आलं नव्हतं, ते आईनं सरळ विचारून टाकलं होतं. याचं उत्तर आपण कसं द्यायचं? त्यानं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.



उजवा दिवा लागला, आणि रेश्मा एंटरवरचं बोट न उचलता पंख्याकडे बघत बसली.