भोरड्या उठल्या नाहीत

बलभीमने पत्र्याचा डबा बडवला, तरी बांधावरच्या भोरड्या उठल्या नाहीत.

एरवी माणसाची सावली हलली तरी अख्खा थवा एका अंगाने वळून आभाळात चढायचा. आज पाखरं मातीत बसून होती. एक जागच्या जागी गरगर फिरत होतं. फिरता फिरता ते कुशीवर पडलं आणि त्याचे पाय थरथरत राहिले.

"बघा खाजाभाई, औषध लागू पडलं!" शेजारच्या रानातल्या खाजामियाँला तो ओरडून म्हणाला. "नाकतोडे गेले अन् भोरड्याबी चालल्या."

परवा त्याने बाजारातून आणलेली पावडर धोतराच्या फडक्यात बांधून ज्वारीवर झटकली होती. बांधावरही झटकली होती. नाकतोडे तिथंच जास्त होते.

खाजामियाँ बांधापाशी आला. "भोरड्यांनी काय केलं तुमचं? ज्वारी अजून पोटऱ्यात हाय, कणीस भाईर न्हाय. कणसात चीक भरेस्तोवर भोरडी आपली, असं तुमचा बाच म्हणायचा. तवर ती किड्यांसाठी येती. दाणा धरला की हाकला."

"बाच्या वक्ताला पावडर कुठं होती?"

"ऱ्हायलं." खाजामियाँ हसला. "माझं तर काम झालं. गुलबानो बाळंतपणाला आलीया, कायतरी झणझणीत पायजे म्हणती. सकाळी इथंच धा-बारा पडल्याली घावली. जीव हुता, बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. मेल्यालं, मुरदार एकबी न्हाय. आता चुलीवर असतील."

बलभीमही हसला. मग त्याने पायापाशी मरून पडलेलं एक पाखरू उचललं. त्याच्या अर्धवट उघड्या चोचीतून नाकतोड्याची तंगडी बाहेर आली होती. त्याने विळ्याने पोट चिरलं. आत ज्वारीचा एक दाणा नव्हता. नुसते नाकतोडे, चिरडून गोळा झालेले. त्याने गोळा नाकाशी नेला. दोन दिवस धुऊनही हातावरून न गेलेला पावडरीचा वास त्या गोळ्याला होता.

"खाजाभाई, घरी चला. पळा!"

घरात खाजामियाँची बायको ताहेराबी ताटलीत रस्सा वाढत होती. एरवी उंबऱ्याबाहेर थांबणारा बलभीम थेट चुलीपर्यंत गेला.

"भाबी, पोरीनं खाल्लं का?"

"आता वाढतेय. का हो?"

"नका देऊ. समदं पुरून टाका."

"असं कसं? हलाल केलेली पाखरं हायेत."

"पाखरांनी नाकतोडे खाल्ले, भाबी. नाकतोड्यांवर माझी पावडर हुती."

ताहेराबीने वाढलेली ताटली पुन्हा पातेल्यात रिकामी केली. खाजामियाँने पातेलं उचललं, कुदळ घेतली आणि तो परसात गेला. कुदळीचे घाव ऐकू येऊ लागले.

भिंतीला टेकून बसलेली गुलबानो, एक हात पोटावर ठेवून, बलभीमकडे बघून हसली.

"घाबरू नका, काका. म्या घासबी घेतला न्हाय. सकाळधरनं तुमच्या म्हशीचं दूध तेवढं प्यालेय."

बलभीम 'बरं झालं' म्हणणार होता. पण परवापासून म्हैस त्याच बांधावर चरत होती.

गुलबानोच्या वरच्या ओठावर दुधाची पांढरी रेघ होती.