बुडालेले मासे

“परत बुडवलेस माझे मासे!”

डाग्नीने सुरई भट्टीच्या कट्ट्यावर ठेवली ती जवळजवळ आदळूनच. आयनरने टोपी काढून कपाळ पुसलं आणि टोपी परत घातली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं उत्तर एवढंच असतं.

सुरई चर्चची होती, बाप्तिस्म्याचं पाणी ओतायची. पोटाभोवती हेरिंग माशांची रांग, मानेखाली जवाची कणसं, सगळं डाग्नीने अर्धवट सुकलेल्या मातीत कोरलेलं. त्यावर आयनरने चढवलेलं हिरवं ग्लेझ, भाजल्यावर काच होणारा लेप, सायीसारखं जाड बसलं होतं. खवले गेले, कणसांची कुसळं गेली. मासे आहेत की बटाटे, हे ज्याचं त्याने ठरवावं. आधीची सुरई अशीच वाया गेली होती. त्याआधीच्या वाडग्यांचंही तेच.

बंदरावर मासे धुरावर सुकवतात त्या भट्ट्यांपाशी तर थट्टाच चालायची. बॉर्नहोम बेटाचे कोळी हेरिंग समुद्रातून बाहेर काढतात आणि आयनर ते परत बुडवतो, म्हणे. आयनर त्यांच्याबरोबर हसायचा. डाग्नीला त्या हसण्याचाच जास्त राग यायचा. कोरीवकाम तिच्या वडिलांपासून चालत आलेलं, बेटावर सुरईच्या बुडाशी तिची खूण बघून लोक ती विकत घ्यायचे. ते नाव हा माणूस बादलीत बुडवत होता आणि वर हसत होता.

पण आज तिच्यात भांडायचंही त्राण नव्हतं. पाठ भरून आली होती, हात तर कोरून कोरून लाकडासारखा झाला होता.

“पातळ लाव म्हणून किती वेळा घसा कोरडा करू?”

“लावतो की.”

“कसला लावतोस! तिसऱ्या सुरईला मी लावते.”

आयनरने तेव्हा कुठे मान वर केली. “तुझ्या वडिलांचा नियम आहे, डाग्नी. कोरणाऱ्याने ग्लेझच्या बादलीत हात घालायचा नाही.”

नियम होता खरा. कोरणाऱ्याला आपल्या रेघांचा लोभ असतो, तो ग्लेझ इतकं पातळ लावतो की भांडं पाझरतं, असं वडील म्हणायचे. डाग्नीने तो जन्मभर पाळला होता. कोरलेलं भांडं एकदा आयनरकडे दिलं, की ती ते पक्क्या भाजणीनंतरच बघायची.

“वडील गेले. आणि बाप्तिस्मा रविवारी आहे.”

“राहू दे गं. या वेळी पातळ लावतो, शप्पथ.”

“तुझी शप्पथसुद्धा दाटच असायची.”

तिने बादलीत पाणी ओतलं आणि तळापासून ढवळलं. बोट बुडवून बघितलं. ग्लेझमधून नख दिसलं तेव्हाच तिचं समाधान झालं. पहिल्या भाजणीतून आलेल्या तिसऱ्या सुरईच्या खाचांमधली धूळ तिने ब्रशने झाडली, कारण धुळीवर ग्लेझ धरत नाही. सुरई दोन्ही हातांनी बुडवली आणि लगेच वर काढली. मग ओल्या स्पंजने माशांच्या पाठी पुसून घेतल्या, म्हणजे ग्लेझ फक्त खाचांत राहील आणि रेघ न रेघ उठून दिसेल. आयनर दारात उभा राहून सगळं बघत होता. मधे तो कॉफी घेऊन आला. हल्ली तो तिला मग अर्धाच भरून द्यायचा. म्हातारा चिक्कूही झालाय, डाग्नीच्या मनात आलं.

भट्टी निवली त्या सकाळी ती आयनरच्या आधी उठून गेली. सुरई बाहेर काढली, उजेडात नेऊन ठेवली, एप्रनने चष्मा पुसला.

ग्लेझ हवं तसंच बसलं होतं. काचेसारखं नितळ, खाचांत गडद हिरवं. प्रत्येक खवला दिसत होता. प्रत्येक कुसळ दिसत होतं. आणि प्रत्येक रेघ थरथरत होती.

एकही सरळ नव्हती. माशांच्या पाठी दातेरी झाल्या होत्या. कणसांची कुसळं एखाद्या पोराने गिरवावीत तशी इकडून तिकडे गेली होती. ओलसर मातीत काय, पहिल्या भाजणीच्या एकरंगी भांड्यावर काय, हे तिला कधी दिसलंच नव्हतं. कोरताना ती डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवायची आणि बोटांनी तिला दगा दिला होता. तिने उजवा हात समोर धरला. तो हलत होता. तिने तो डाव्या हाताने दाबून धरला, तरी हलत होता.

अर्धा मग तिला तेव्हा आठवला.

आयनर मागे येऊन कधी उभा राहिला होता, कोण जाणे.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“हिवाळ्यापासून असेल,” तो म्हणाला. “थंडीने असेल म्हटलं. जाईल.”

तिला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला. तेवढ्यात अंगणातलं फाटक वाजलं. चर्चचे पास्टर टोर्किल सायकल भिंतीला टेकवून आत आले. उमदा, हसतमुख माणूस. सुरई बघून त्यांचं हसू जरासं अडखळलं.

आयनर झटकन पुढे झाला आणि सुरई झाकली जाईल असा उभा राहिला.

“माझ्याच हातून बिघडली, पास्टर. या वेळी ग्लेझ पातळ पडलं, सगळ्या रेघा फाकल्या. रविवारचं काहीतरी दुसरं बघा.”

“काय आयनर तुम्ही! तेव्हा दाट, आता पातळ. तुम्हाला जमतं तरी काय?”

“वय झालं, दुसरं काय,” आयनर म्हणाला आणि बंदरावर हसायचा तसा हसला.

डाग्नीने त्याला दंडाला धरून बाजूला केलं. सुरई दोन्ही हातांनी उचलून पास्टरसमोर धरली. तिच्या हातात ती हलत होती, तिने हलू दिली.

“ग्लेझ अगदी बरोबर आहे, पास्टर,” ती म्हणाली. “ते मी लावलंय. आजवर माझी लाज राखली, ती याच्या ग्लेझने.”