पान एकशे बारा

माझी पहिली रहस्यकादंबरी मी एका पुरुषाच्या नावाने छापून आणली आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. नेमकी तीच सासूबाईंनी वाचनालयातून आणली. बाळाला मांडीवर थोपटत मी कान टवकारून बसले.

“तो खुनी मनातल्या मनात काय काय बोलतो गं, अंगावर काटाच येतो! पण नायक मात्र अगदीच अर्धवट,” त्या म्हणाल्या. शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी पेन्सिलने मतं खरडली होती, ती त्या मोठ्याने वाचू लागल्या. “‘नायक महासंशयी.’ ‘पाठलाग अर्धा सोडून गॅस बंद केलाय का ते बघायला घरी जातो, हा कसला फौजदार?’ ‘झोपलेल्या माणसाच्या नाकापुढे बोट धरून श्वास तपासतो. याला आधी डॉक्टरकडे न्या.’”

माझा चेहरा पडला. बाळाच्या नाकापुढे धरलेलं बोट मी हळूच मागे घेतलं.

“आणि हे बघ, पान एकशे बारा. ‘फौजदार दचकून उठली.’ उठली?”

“छपाईची चूक असेल हो, आई.”

“असेल बाई.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे एकदा पाहिलं, पेन्सिल शोधली, शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि चहा टाकायला उठल्या. मी झडप घालून पुस्तक उघडलं.

सगळ्या मतांच्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘नायकाला नावं ठेवू नयेत. तो आमची सून आहे.’