चूक मास्तरांची

“आधी जमिनीवरचा बाण बघा,” चिलुफ्या म्हणाली. “उलट्या बाजूनं तुम्ही शिरलात, आणि चूक आमची?”

लुसाकातल्या त्या दुकानांच्या आवारात भर दुपारी चांगली दहा-बारा माणसं गोळा झाली होती. रांगेतून मागे निघालेली एक पांढरी मोटार निळ्या पिकअपवर आदळली होती. पिकअपचं दार चेपलं होतं. मोटारीचा मागचा दिवा फुटून लाल काचा डांबरावर पसरल्या होत्या. सुदैवानं कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

पांढरी मोटार चिलुफ्याच्या वडिलांची. त्यांना सगळे कापेम्ब्वा मास्तर म्हणत. निम्म्या शहराला गाडी चालवायला त्यांनी शिकवलं होतं, आणि गेल्या वर्षापर्यंत त्यांच्या स्वतःच्या गाडीला कधी ओरखडा म्हणून गेला नव्हता. चिलुफ्या नोकरीनिमित्त कित्वेला असायची. त्या दिवशी सकाळच्या बसनं ती ऑफिसच्या कामासाठी आली होती. काम आटोपून आईबाबांबरोबर इथंच जेवायचं ठरलं होतं. येऊन बघते, तर हा तमाशा.

मास्तर पावाची पिशवी बगलेत धरून गाडीला टेकून उभे होते. आई आत, पुढच्या डाव्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन बसली होती. चिलुफ्यानं खिडकीतून डोकावून विचारलं होतं, “आई, लागलं नाही ना कुठं?”

“नाही हो, छान आहे मी,” आई हसून म्हणाली होती. बिचारी हादरली असेल, असं वाटून चिलुफ्या वाद घालायला वळली होती.

पिकअपवाला सितुंबेको तिशीतला, अंगानं दणकट, पण आवाज चढवणारा नव्हता. “उलटा आलो, कबूल आहे ताई,” तो म्हणाला. “पण मुंगीच्या चालीनं येत होतो. गाडी मागे घेणाऱ्यानं मागे बघायला नको?”

“झिम्बा, तू सांग,” कुणीतरी आवाराच्या पहारेकऱ्याला पुढे ढकललं.

“मी काय सांगू? मी त्या टोकाला होतो, आवाज ऐकून धावलो,” झिम्बा म्हणाला. “मागे घेणाऱ्यानं थांबायचं, हे मला मास्तरांनीच शिकवलं. आणि बाण मोडायचा नाही, हेही त्यांनीच.”

“मला तर यांनी तीनदा परत पाठवलं होतं!” टोमॅटोची टोपली घेतलेली एक बाई म्हणाली. “का, तर आरशात बघत नाहीस म्हणून. ते कसले मागे न बघता येतायत! हा उलटा आला, याचीच चूक.”

लोक हसले. तीनचार माना डोलल्या. पारडं आपल्याकडे झुकतंय, हे चिलुफ्याच्या लक्षात आलं.

“बोलवा पोलिसांना,” ती म्हणाली. “बाण समोर आहे. तेच काय ते ठरवतील.”

सितुंबेकोनं तिच्याकडे बघितलंच नाही. त्यानं मास्तरांकडे बघितलं.

“बोलवू का, काका? ते मला विचारतील. मला दिसलं तेच सांगावं लागेल मला.”

मास्तरांनी पिशवी या बगलेतून त्या बगलेत घेतली.

“पोलीस कशाला हवेत? चूक माझी आहे.”

“बाबा!”

“माझी आहे म्हटलं ना. मागे बघितलं नाही मी.”

“अहो, पण तो बाण—”

“चिलुफ्या, पुरे.”

गर्दीतला जीवच गेला. टोमॅटोवाली पुटपुटली, “म्हातारपण कुणाला चुकलंय!” आणि चालू लागली. झिम्बा खाली वाकून काचा वेचायला लागला. सितुंबेकोनं दोन्ही हातांनी मास्तरांचा हात धरला. “दाराचं मी बघतो, काका. तुम्ही काकूंना घेऊन घरी जा,” तो म्हणाला आणि पिकअप काढून निघून गेला.

आता चिलुफ्याचा बांध फुटला.

“आधी फाटकाचा खांब. मग शेजाऱ्यांचं पेरूचं झाड. प्रत्येक वेळी फोनवर तुमचं एकच, डोळ्यांना दिसत नाही! दिसत नाही तर गाडी चालवता कशाला? आज पिकअप होता म्हणून निभावलं. उद्या एखादं पोर आडवं आलं तर? आणि आईला घेऊन हिंडता! तिचा तरी विचार करा.”

“करतो ना,” मास्तर म्हणाले.

“किल्ली द्या.”

तिला वाटलं होतं, ते भांडतील. ज्या माणसानं तिला पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसवलं, तो इतक्या सहजी ऐकायचा नाही. पण मास्तरांनी खिशातून किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली.

“कित्वेला घेऊन जा,” ते म्हणाले. “दुसरी घरी आहे, तीही ने. मी मागितली तरी देऊ नकोस.”

त्यांचे खांदे खाली आले होते. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखे. चार लोकांसमोर आपण जरा जास्तच बोललो, असं चिलुफ्याला वाटून गेलं. तिनं मागचं दार उघडून त्यांना बसवलं. पुढं येऊन ती स्टिअरिंगमागे बसली, तर गुडघे वर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. तिनं ती मागे सरकवली आणि इंजिन सुरू केलं.

आईनं तिच्याकडे एकदा बघितलं. मग मान मागे वळवून, परक्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा हलक्या आवाजात ती म्हणाली, “अहो, ही बाई कोण? तिला उतरायला सांगा ना. मघासारखी मीच नेते गाडी. शाळा सुटली असेल, माझी चिलुफ्या फाटकापाशी एकटी उभी असेल.”