पिकापुरता मुक्काम

"एक पीक निघू दे, मग तुझ्या माणसांत जाऊ," असा शब्द नवऱ्याने, तारगूने दिला होता, म्हणून निवा त्याच्या या मातीच्या घरात राहिली. तिची माणसं एका जागी कधी थांबत नसत. मेलेल्यांच्या अस्थीही पाठीवर घेऊन फिरत. आईच्या अस्थींचं गाठोडं तिने खुंटीला टांगलं होतं. रोज पहिला घास त्याच्यापुढे ठेवल्याशिवाय ती जेवत नसे.

गहू कापून झाला. तळ्याकाठी तिची माणसं येऊन थांबली होती, उद्या पुढे निघणार होती. नव्या गव्हाची पहिली मूठ घेऊन निवा घरात शिरली. तारगू जमीन सारवत होता.

"आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?" ती हसली. "निघायच्या वेळी कसलं सारवतोस?"

बोलता बोलता ती खुंटीकडे वळली. खुंटी रिकामी होती.

"आई कुठंय?"

"किती फिरवशील म्हातारीला? आमच्या रीतीने चुलीशेजारी पुरलं. मातीला दिलेलं माणूस पुन्हा उकरायचं नसतं, हे काय तुला सांगायला हवं?"

ओल्या जमिनीवरून हात फिरवत तो अगदी मायेने म्हणाला, "आता जायचं तर खुशाल जा, निवा. मी कुठं अडवतोय?"